माजी मंत्री कंपनीत लागले की नेमकं काय तपासायचं (तारखांची वही घेऊन बसा)

जुलै २०२५ मध्ये ऋषी सुनक गोल्डमन सॅक्समध्ये सीनियर अ‍ॅडव्हायझर झाले, त्या दिवशी आमच्या घरच्या ग्रुपवर मामाने बातमी टाकली आणि खाली लिहिलं, ‘काय गं, तुमचा पंतप्रधान बँकेत नोकरीला लागला, चालतं का हे तुमच्याकडे?’ मामा जिल्हा परिषदेतून रिटायर झालाय, बांधकाम खात्याचे हिशेब बघायचा, त्यामुळे साहेब रिटायर झाला की दुसऱ्या महिन्यात कुठल्या ठेकेदाराच्या ऑफिसात खुर्ची टाकून बसतो हे त्याने पुष्कळ बघितलंय. मी पटकन ‘चालतं, परवानगी घेतलीय’ असं टाइप केलं आणि मग माझं मलाच पटेना, कारण परवानगी कोणाची, कशासाठी, मोडली तर काय, यातलं मलाही धड काही माहीत नव्हतं. मी इथे लंडनच्या हॅरोमध्ये अकाउंट्सचं काम करते, कंपन्यांचे फॉर्म भरणं हे माझं रोजचंच, म्हणून म्हटलं बघूया तरी. शनिवारी दुपारी चहा घेऊन बसले ती रात्री अकराला उठले.

त्यानंतर असं चार-पाच जणांचं शोधून झालं आणि आता मला एक पद्धत बसलीय, तीच इथे सविस्तर लिहितेय. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी लोकांना तर हे उपयोगी आहेच, भारतीय पासपोर्ट असला तरी कॉमनवेल्थ नागरिक म्हणून आपल्याला इथे पार्लमेंटच्या निवडणुकीत मत देता येतं हे अजून कित्येकांना माहीत नसतं. पण पुण्यात बसूनही यातलं जवळजवळ सगळं करता येतं, सगळं फुकट आणि ऑनलाइन आहे.

आधी एक गोष्ट क्लिअर करते. मंत्रीपद गेल्यावर नोकरी करणं हा गुन्हा नाही. निवडणूक हरलेला पंचेचाळीस वर्षांचा माणूस घरी बसून काय करणार, त्यालाही हप्ते असतात. बातमीत पगाराचा आकडा मोठा दिसला की आपण तिथेच तापतो आणि खरा प्रश्न बाजूला राहतो. खरे प्रश्न दोनच आहेत, खुर्चीत असताना घेतलेल्या एखाद्या निर्णयात ही पुढची नोकरी डोळ्यासमोर होती का, आणि आता कंपनी याची अक्कल विकत घेतेय की याच्या फोनमधले नंबर. दोन्हीची उत्तरं मिळतील तर तारखांमधून, पगारातून नाही. म्हणून सुरुवात वहीपासून.

पायरी १: तीन तारखा लिहा

एक, मंत्रीपद सुटल्याची तारीख. दोन, नोकरी जाहीर झाल्याची तारीख. तीन, नोकरी प्रत्यक्ष सुरू झाल्याची तारीख. खासदारकी सुटल्याची तारीख वेगळी असू शकते, तिची इथे गल्लत करू नका. जॉर्ज ऑस्बर्न जुलै २०१६ मध्ये अर्थमंत्रीपदावरून गेले पण खासदार पुढच्या वर्षीच्या मे महिन्यापर्यंत होते, आणि या मधल्या काळातच ते ब्लॅकरॉक या गुंतवणूक कंपनीचे सल्लागार झाले, वर एका वर्तमानपत्राचे संपादकही झाले.

ब्रिटनमधला नियम ढोबळमानाने असा आहे की मंत्रीपद सुटल्यापासून दोन वर्षं कुठलीही बाहेरची नोकरी स्वीकारायच्या किंवा जाहीर करायच्या आधी सल्ला मागायचा. कॅबिनेट मंत्र्याने साधारण तीन महिने तरी काहीच घ्यायचं नाही. आणि दोन वर्षं सरकारकडे त्या कंपनीसाठी लॉबिंग, म्हणजे शब्द टाकणं, करायचं नाही. म्हणजे पद सुटल्याच्या तारखेपुढे लगेच दोन तारखा मांडून टाका, तीन महिने कधी भरतात आणि दोन वर्षं कधी भरतात. निक क्लेग यांचं उदाहरण घ्या, उपपंतप्रधानपद मे २०१५ मध्ये गेलं, फेसबुकमध्ये गेले ऑक्टोबर २०१८ मध्ये. जवळजवळ साडेतीन वर्षं झाली, विषय संपला, त्यांना कोणाला विचारायची गरजच नव्हती. तुम्हाला ते आवडो न आवडो, नियमात बसतं. अशा केसमध्ये पुढच्या दोन पायऱ्या (सल्ल्याचं पत्र शोधणं आणि वाचणं) करण्यात अर्थ नसतो, वेळ वाचवा.

पायरी २: सल्ला मागितला होता का, आणि कधी

हे काम ऑक्टोबर २०२५ पर्यंत अकोबा नावाची समिती करायची. १९७५ पासूनची जुनी समिती, आधी फक्त अधिकाऱ्यांसाठी होती, नंतर जॉन मेजर यांच्या काळात पैसे घेऊन पार्लमेंटमध्ये प्रश्न विचारण्याचं प्रकरण गाजलं, नोलन समिती बसली आणि १९९५ पासून मंत्रीही तिच्या कक्षेत आले. आता ती समितीच बंद केलीय, मंत्र्यांचं काम मंत्र्यांच्या आचारसंहितेवर नजर ठेवणाऱ्या स्वतंत्र सल्लागाराकडे गेलंय, आणि अधिकाऱ्यांचं सिव्हिल सर्व्हिस कमिशनकडे. पण जुनी पत्रं सरकारच्या गव्ह डॉट यूके या साइटवर अजून आहेत. मंत्र्याचं नाव आणि ‘बिझनेस अपॉइंटमेंट’ एवढं टाका, पत्र समोर येतं.

आता पत्राची तारीख आणि वहीतली दुसरी तारीख शेजारी शेजारी ठेवा. पत्र आधीचं पाहिजे. बोरिस जॉन्सन यांनी जुलै २०१८ मध्ये परराष्ट्रमंत्रीपद सोडलं आणि आठवड्याभरात त्यांचा टेलिग्राफमधला कॉलम पुन्हा सुरू झाला, वर्षाला पावणेतीन लाख पाउंडांचा, आणि समितीकडे अर्ज मागाहून गेला. समितीने ते मान्य नाही असं कळवलं, काय झालं, काहीच नाही. मग २०२३ मध्ये डेली मेलमध्ये कॉलम घेतला तेव्हा समितीला कळवलं घोषणेच्या अर्धा तास आधी! अर्धा तास. आमच्याकडे क्लायंट व्हॅटचे कागद शेवटच्या दिवशी रात्री आणून देतात त्यांची आठवण झाली, पण त्यांना निदान दंड तरी होतो.

इथेच या सगळ्या व्यवस्थेचा दुबळेपणा दिसतो. समितीच्या हातात शिक्षा नव्हती, चिडून एक पत्र लिहायचं आणि ते प्रसिद्ध करायचं एवढंच. माजी आरोग्यमंत्री मॅट हॅनकॉक टीव्हीवरच्या जंगलातल्या रिअ‍ॅलिटी शोमध्ये न विचारता गेले तेव्हाही अध्यक्ष लॉर्ड पिकल्स यांनी पत्रच लिहिलं. आता नव्या व्यवस्थेत दात बसवलेत म्हणतात, नियम गंभीरपणे मोडला तर पद सोडताना मिळालेले पैसे परत मागणार. पण हे पैसे किती असतात ते बघा. मंत्र्याच्या वार्षिक पगाराचा चौथा भाग, म्हणजे कॅबिनेट मंत्र्याला सुमारे १६,८७६ पाउंड. ऑस्बर्न यांना ब्लॅकरॉककडून महिन्याला चार दिवसांच्या कामाचे वर्षाला साडेसहा लाख पाउंड मिळत होते, मी कॅल्क्युलेटरवर करून बघितलं, दिवसाला साडेतेरा हजारांच्या वर जातं. म्हणजे या दराने सव्वा दिवसात दंड वसूल. हे दात म्हणायचे की कवळी ते तुम्ही ठरवा.

आणखी एक, पत्र नाहीच सापडलं तर लगेच ‘विचारलंच नाही’ असं लिहून मोकळं होऊ नका. ज्या नोकऱ्या शेवटी घेतल्या गेल्या नाहीत त्यांचा सल्ला सहसा प्रसिद्ध होत नसे, आणि नोकरी जाहीर व्हायच्या आधी पत्र बाहेर येत नाही. दोन-तीन आठवड्यांनी परत बघा.

पायरी ३: पत्र नीट वाचा, बातमी नाही

ही सगळ्यात कामाची पायरी आहे आणि लोक हीच टाळतात. पत्र तीन-चार पानांचं असतं, भाषा रुक्ष, पण त्यात सोनं असतं. मी प्रिंट काढून तीन रंगांचे हायलाइटर घेऊन बसते, घरातले हसतात, हसू देत.

पिवळा: मंत्री असताना या कंपनीशी काय संबंध आला. किती वेळा भेट झाली, कंपनीबद्दल थेट काही निर्णय घेतला का, कंपनीला सरकारी कंत्राट आहे का. हे समितीने फक्त त्याच्या शब्दावर घेतलेलं नसतं, त्याच्या जुन्या खात्यालाही विचारलेलं असतं, आणि खात्याचं म्हणणं पत्रात असतं. खात्याने ‘आम्हाला हरकत नाही’ म्हटलंय की ‘आम्हाला थोडी काळजी वाटते’ म्हटलंय, हा फरक बारीक आहे पण फार बोलका.

हिरवा: अटी. त्या बहुतेक पत्रांत सारख्याच असतात. पदावर असताना कळलेली गोपनीय माहिती वापरायची नाही (याला मुदत नाही, ही कायमची). पद सुटल्यापासून दोन वर्षं त्या कंपनीसाठी सरकारकडे शब्द टाकायचा नाही. पदावर असताना झालेल्या ओळखी वापरून कंपनीला धंदा किंवा निधी मिळवून द्यायचा नाही. सरकारी कंत्राटाच्या बोलीबद्दल दोन वर्षं सल्ला द्यायचा नाही. आता मला सांगा, गोपनीय माहिती ‘वापरली’ हे कोण सिद्ध करणार? माणूस रात्री डोकं काढून ऑफिसच्या लॉकरमध्ये थोडंच ठेवून येतो. म्हणून मला लॉबिंगची अट महत्त्वाची वाटते, तिचा माग काढता येतो.

गुलाबी: या ठराविक अटींपेक्षा वेगळं काहीही. जास्तीची मुदत, एखाद्या विशिष्ट देशाबद्दल किंवा व्यवहाराबद्दल बंदी. वेगळी अट दिसली की समजा समितीला कुठेतरी खटकलंय, आणि तिथेच खणायचं.

मामाला मी सुनक यांचं पत्रच वाचून दाखवलं होतं फोनवर. त्यात सगळं होतं, ते राजकारणात यायच्या आधीही त्याच बँकेत काम करून आलेले आहेत, मिळणारे पैसे ते आणि त्यांच्या बायकोने काढलेल्या संस्थेला जाणार आहेत, अटी या या आहेत. मामा शांतपणे ऐकून म्हणाला, ‘एवढं लेखी देतात? आमच्याकडे तर नमस्कार करून गाडीत बसले की झालं.’

पायरी ४: पदाच्या नावावर जाऊ नका

‘सीनियर अ‍ॅडव्हायझर’, ‘अ‍ॅडव्हायझरी बोर्ड मेंबर’, ‘स्ट्रॅटेजिक कौन्सेल’, असली नावं ऐकायला भारदस्त असतात पण कायद्याच्या कागदावर ती कुठेच नसतात. डायरेक्टर असेल तर कंपनीज हाउसमध्ये (इथलं कंपन्यांच्या नोंदणीचं सरकारी कार्यालय) नोंद होणारच, चौदा दिवसांत फॉर्म द्यावा लागतो. सल्लागाराची नोंद होत नाही. म्हणून एखाद्या मंत्र्याचं नाव कंपनीज हाउसवर नाही सापडलं याचा अर्थ तो तिथे नाही असा होत नाही.

तरीही तिथे शोधायचंच, कारण बऱ्याच माजी मंत्र्यांची स्वतःची छोटी कन्सल्टन्सी कंपनी असते आणि पैसे तिच्यातून फिरतात. कसं शोधायचं ते सांगते. साइटवर नाव टाका, ‘ऑफिसर्स’ वर क्लिक करा. एकाच नावाचे ढीगभर लोक येतील. प्रत्येकाखाली जन्माचा महिना आणि साल असतं, मंत्र्याची जन्मतारीख तर जगजाहीर असते, ती जुळवा. हे न केल्यामुळे मी एकदा तोंडघशी पडलेय, एका माजी मंत्र्याच्या नावाने सहा कंपन्या सापडल्या म्हणून नवऱ्याला झोपेतून उठवून सांगितलं, सकाळी बघते तर जन्मसाल वेगळं, तो बिचारा कुणीतरी दातांचा डॉक्टर निघाला.

माणूस जुळला की ‘फाइलिंग हिस्टरी’ उघडा. कंपनी कधी काढली ही तारीख वहीत, पद सुटल्यापासून किती दिवसांनी ते लिहा. ‘पर्सन विथ सिग्निफिकंट कंट्रोल’ मध्ये पंचवीस टक्क्यांहून जास्त शेअर कोणाकडे ते दिसतं, बायको-मुलांची नावं दिसली तर दचकू नका, टॅक्ससाठी सगळेच करतात. मग अकाउंट्स. इथे तुमची निराशा होणार हे आधीच सांगून ठेवते, छोट्या कंपन्यांना नफा-तोट्याचं पत्रक द्यावं लागत नाही, नुसता ताळेबंद असतो. पण दोन वर्षांचे ताळेबंद शेजारी ठेवले तर बँकेतली रक्कम किती वाढली ते कळतं, आणि वर्षभरात दीड-दोन लाखांनी फुगली असेल तर कोणीतरी बिलं भरतंय एवढं नक्की.

आता कन्सल्टन्सीतली गंमत. नियम असा की स्वतःची कन्सल्टन्सी काढायची तर तिच्यासाठी एक परवानगी आणि मग प्रत्येक क्लायंटसाठी पुन्हा वेगळी. पत्रांच्या यादीत नुसती कन्सल्टन्सीचीच परवानगी दिसते आणि दोन वर्षांत क्लायंटचं एकही पत्र नाही, पण ताळेबंद फुगलेला, तर प्रश्न विचारायला जागा आहे. भाषणं, पुस्तक, जुनी गुंतवणूक, काहीही असू शकतं, म्हणून आरोप नको, नुसता प्रश्न.

माणूस अजून खासदार असेल तर तुमचं नशीब. खासदारांच्या आर्थिक हितसंबंधांचं रजिस्टर दर दोन आठवड्यांनी अपडेट होतं, त्यात किती तास काम केलं आणि किती पैसे मिळाले हेही येतं. माजी पंतप्रधान थेरेसा मे यांच्या भाषणांचे पैसे ‘द ऑफिस ऑफ थेरेसा मे लिमिटेड’ मध्ये जायचे हे त्या खासदार होत्या तोवर सगळ्यांना दिसत होतं. सरकारी साइटवर ते रजिस्टर वाचायला जड जातं, ‘दे वर्क फॉर यू’ या साइटवर सोपं करून मिळतं. लॉर्ड्समध्ये, म्हणजे पार्लमेंटच्या वरच्या सभागृहात, गेले असतील तर त्यांचं वेगळं रजिस्टर आहे, त्यात पैशाचा तपशील कमी.

आणि हो, पगाराच्या कन्सल्टन्सीची किंमत काय असते असं कोणी विचारलं तर मार्च २०१० चं प्रकरण सांगा. पत्रकार खोट्या कंपनीचे लोक बनून गेले होते आणि माजी मंत्री स्टीफन बायर्स छुप्या कॅमेऱ्यासमोर म्हणाले की मी भाड्याने मिळणाऱ्या टॅक्सीसारखा आहे, दर दिवसाला तीन ते पाच हजार पाउंड. त्यांना आणि जेफ हून, पॅट्रिशिया ह्यूइट यांना लेबर पक्षाने संसदीय गटातून निलंबित केलं. मीटर टाकून बोलणारा माणूस निदान प्रामाणिक तरी वाटतो मला कधीकधी.

पायरी ५: आता उलटं चाला

नोकरीनंतर काय झालं हे सगळे बघतात, तुम्ही नोकरीच्या आधीचं बघा. प्रत्येक खातं आपल्या मंत्र्यांच्या बाहेरच्या लोकांशी झालेल्या भेटींची यादी प्रसिद्ध करतं, बरीच वर्षं तिमाहीला करत आलंय. एक्सेलमध्ये उघडणारी फाइल असते. पद सुटायच्या आधीची दोन वर्षं, म्हणजे आठ फाइली, डाउनलोड करा आणि कंपनीचं नाव शोधा. नाव तीन-चार प्रकारे शोधायचं: पूर्ण नाव, छोटं नाव, मूळ कंपनीचं नाव, आणि ज्या उद्योगसंघटनेत ती कंपनी आहे तिचं नाव, कारण कित्येकदा कंपनी एकटी येत नाही, राउंड टेबलला दहाजणांत येते.

उद्देशाच्या रकान्याकडून फार अपेक्षा ठेवू नका, दोन शब्दांत ‘ओळखभेट’ छापाचं काहीतरी लिहिलेलं असतं. तारखा मात्र खऱ्या असतात. भेट, त्यानंतर खात्याचा निर्णय, त्यानंतर राजीनामा, त्यानंतर नोकरी, हा क्रम वहीत एका रेषेवर मांडला की चित्र दिसतं किंवा दिसत नाही. बहुतेक वेळा दिसत नाही हेही सांगायला हवं. पाचातले चार शोध माझे असेच गेलेत, सगळं सरळ निघालं, शनिवार फुकट.

मंत्र्याच्या जवळच्या माणसांकडेही बघायचं. ऑस्बर्न यांचे माजी चीफ ऑफ स्टाफ रूपर्ट हॅरिसन २०१५ मध्येच ब्लॅकरॉकमध्ये गेले होते, साहेब नंतर गेले. यात बेकायदा काही नाही, पण नुसतं मंत्र्याचं नाव शोधलं असतं तर हा दुवा हाती लागला नसता. कंपनीला सरकारी कामं किती मिळालीत हे बघायला कॉन्ट्रॅक्ट्स फाइंडर आणि फाइंड अ टेंडर अशा दोन साइट आहेत, तिथे पुरवठादाराचं नाव टाका, पाच मिनिटांचं काम आहे.

पायरी ६: दोन वर्षं संपली की वही बंद करू नका

ही पायरी मी कॅमेरून यांच्या प्रकरणावरून शिकले. आता वहीतलं ते पान तसंच उतरवते.

१३ जुलै २०१६, डेव्हिड कॅमेरून पंतप्रधानपदावरून पायउतार. ऑगस्ट २०१८, ग्रीनसिल कॅपिटल या वित्त कंपनीचे सल्लागार. म्हणजे दोन वर्षं उलटून महिनाभर झालेला, सल्ला मागायची गरज नाही, नियमात चोख. मार्च ते जून २०२०, कोविडचा काळ, कंपनीला सरकारी कर्जयोजनेत घुसायचं होतं, आणि माजी पंतप्रधान मंत्र्यांना आणि अधिकाऱ्यांना मेसेज पाठवतायत, फोन, ईमेल, व्हॉट्सअ‍ॅप, सगळं, डझनावारी. त्यात अर्थमंत्री सुनक यांच्या खासगी फोनवरचे मेसेजही आले. ती मागणी शेवटी मान्य झाली नाही. मार्च २०२१, कंपनी बुडाली. मे २०२१, ट्रेझरी कमिटीपुढे (अर्थखात्यावर नजर ठेवणारी खासदारांची समिती) साक्ष, किती पैसे मिळत होते ते सांगायला नकार. जुलै २०२१, कमिटीचा अहवाल, निष्कर्ष असा की नियम मोडला नाही पण तारतम्य सुटलं.

आता मागे चाला, पायरी पाच. कंपनीचा मालक लेक्स ग्रीनसिल हा कॅमेरून पंतप्रधान असताना सरकारचाच सल्लागार म्हणून आत बसत होता. आणि सरकारी खरेदीचे प्रमुख अधिकारी बिल क्रॉदर्स २०१५ मध्ये सरकारी नोकरीत असतानाच ग्रीनसिलचे अर्धवेळ सल्लागार झाले होते, तेही वरिष्ठांच्या मान्यतेने! हे बाहेर आलं २०२१ मध्ये, कंपनी बुडाल्यावर. कंपनी चालली असती तर कदाचित आलंही नसतं.

आणि मेसेज का दिसले नाहीत कोणाला? कारण इथलं लॉबिस्ट लोकांचं रजिस्टर, २०१४ च्या कायद्याने आलेलं, फक्त दुसऱ्यांसाठी लॉबिंग करणाऱ्या कन्सल्टंटसाठी आहे. कंपनीचा स्वतःचा माणूस असेल तर नोंद लागत नाही, आणि कॅमेरून कंपनीचेच होते. म्हणजे भाड्याची टॅक्सी असेल तर नोंदणी पाहिजे, मालकाची स्वतःची गाडी असेल तर नको. हे भोक अजूनही नीट बुजलेलं नाही.

म्हणून वहीत तिसऱ्या वर्षासाठीही एक पान कोरं ठेवा. आणि दोन वर्षांच्या आतलं उदाहरण हवं असेल तर फिलिप हॅमंड, जुलै २०१९ मध्ये अर्थमंत्रीपद गेलं, पुढे ओकनॉर्थ बँकेचे सल्लागार, जुलै २०२० मध्ये त्यांनी बँकेचं एक सॉफ्टवेअर टूल ट्रेझरीला फुकट मिळावं म्हणून आपल्याच जुन्या खात्यातल्या बड्या अधिकाऱ्याशी संपर्क केला. समितीने हे शहाणपणाचं नव्हतं असं सुनावलं. फुकट देतोय म्हणजे लॉबिंग नाही, असं नसतं.

पायरी ७: माहितीचा अर्ज

इथला माहिती अधिकार कायदा २००० चा, लागू झाला १ जानेवारी २००५ पासून. वीस कामाच्या दिवसांत उत्तर द्यावं लागतं, फी नाही, आणि जगातला कोणीही अर्ज करू शकतो, नागरिकत्वाची अट नाही. ‘व्हॉट डू दे नो’ या साइटवरून केला तर अर्ज आणि उत्तर दोन्ही सगळ्यांना दिसतात, तुमचं नावही दिसतं, त्याचा विचार करून मगच करा.

माझा पहिला अर्ज सपशेल फसला. मी एका खात्याला लिहिलं, अमुक माजी मंत्र्याशी झालेला सगळा पत्रव्यवहार द्या. विसाव्या दिवशी उत्तर आलं की शोधायला खर्चाची मर्यादा ओलांडते, सबब नाही. केंद्राच्या खात्यांना ही मर्यादा ६०० पाउंड आहे, तासाला २५ पाउंड धरतात, म्हणजे चोवीस तासांचं काम. चूक माझीच होती. दुसऱ्यांदा लिहिलं: अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत, एवढे सहा आठवडे, मंत्र्यांच्या खासगी कार्यालयात, या माजी मंत्र्याकडून आलेले आणि या कंपनीचं नाव असलेले ईमेल आणि मेसेज, किती आले त्याची संख्या आणि प्रती. ‘मेसेज’ हा शब्द मुद्दाम घालायचा, नाहीतर फक्त ईमेल शोधतात. या वेळी उत्तर आलं, अर्धं काळं केलेलं, पण तारखा आल्या. तारखाच तर हव्या होत्या.

नकार आला तर आधी त्याच खात्याकडे फेरविचार मागायचा, मग माहिती आयुक्तांकडे. वेळ लागतो, चिवट राहा.

आपल्याकडे काय

मामाचा पुढचा प्रश्न हाच होता. भारतात आयएएस किंवा केंद्राच्या वरिष्ठ अधिकाऱ्याला रिटायर झाल्यावर एक वर्ष खासगी नोकरीसाठी सरकारची परवानगी लागते. घटनेनेही काही लोकांचा विचार केलाय, सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश नंतर कुठल्याही कोर्टात वकिली करू शकत नाहीत, कॅग पुढे कुठलंही सरकारी पद घेऊ शकत नाही. मंत्र्यांसाठी मात्र असा थांबण्याचा काळ नाही. मंत्र्यांची आचारसंहिता आहे, ती सांगते की पद घेताना धंद्याच्या कारभारातून बाहेर पडा, मालकी सोडायची गरज नाही, पण पद सोडल्यावर कुठे जायचं नाही हे ती सांगत नाही. वकील असलेले मंत्री काळा कोट चढवून सरळ कोर्टात परत जातात, चिदंबरम, सिब्बल, सगळ्यांनी बघितलंय. आणि महाराष्ट्रात तर चित्रच वेगळं असतं, साखर कारखाना, सूतगिरणी, इंजिनीअरिंग कॉलेज आधीपासूनच घरात असतं, फिरून कंपनीत जायची वेळच येत नाही, सत्तेतून कंपनीत जाण्याला इंग्रजीत ‘फिरतं दार’ म्हणतात, इथे दार फिरवायचं कशाला, वाडाच आपला.

तरी जमेल तेवढं करायला साधनं आहेत. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या साइटवर डायरेक्टरच्या नावाने शोधता येतं, प्रत्येक डायरेक्टरला एक नंबर असतो आणि त्या नंबरावर त्याच्या सगळ्या कंपन्या दिसतात, नावापेक्षा नंबरावरच विसंबा. लिस्टेड कंपनी असेल तर नवा डायरेक्टर घेतल्याचं शेअर बाजाराला कळवावंच लागतं, एक्सचेंजच्या साइटवर घोषणा असते तारखेसकट. राज्यसभेचा सदस्य असेल तर तिथे हितसंबंधांची नोंद ठेवतात. आणि आरटीआय तर आहेच, दहा रुपये, तीस दिवस, पण महाराष्ट्रात अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर बसवायला लागतो, म्हणजे माझ्या पहिल्या अर्जासारखा ‘सगळं द्या’ प्रकार तिथे दारातच परत येईल.

मामाने मागच्या महिन्यात एक जुनी कॅशबुकची वही काढलीय आणि त्यांच्या जिल्ह्यातल्या एका माजी राज्यमंत्र्याचं पान सुरू केलंय. पहिल्या दोन तारखा भरल्या म्हणे. तिसरीसाठी आरटीआय टाकलाय, दीडशे शब्दांत बसवताना ‘महोदय’ आणि ‘सविनय’ दोन्ही कापावे लागले म्हणून जरा नाराज आहे.